सुलतानाच्या तंबूतली कॉफी

नुझेत बे आणि त्याचा तो लालबुंद जर्मन साहेब पाहुणे म्हणून आले असते, तर माझं काही चाललं नसतं. पाहुण्याकडे मागायचं नसतं, त्याला द्यायचं असतं. पण त्यांना मोठेपणा मिरवायचा होता. स्वतःचा तंबू घेऊन आले मेले! दमास्कसहून आगगाडीच्या डब्यात घालून आणलेला, अस्सल काळ्या बकरीच्या केसांचा, आमच्या शेखच्या तंबूपेक्षाही लांबलचक. तलहा स्टेशनाच्या मागच्या माळावर तो उभा केला आणि आसपासच्या टोळ्यांना सांगावा धाडला, की सगळ्या शेखांनी जेवायला यावं. ते ऐकलं आणि मी मनात म्हटलं, शम्मा, अल्लाने दार उघडलंय, आत शिरायची हिंमत तेवढी तुझ्याकडे पाहिजे. हिंमत माझ्याकडे भरपूर होती.

लढाईचं ते चौथं वर्ष. मक्केच्या शरीफने तुर्कांच्या सुलतानाविरुद्ध बंड केलं होतं आणि त्याची माणसं इंग्रजांचं सोनं घेऊन वाळवंटभर फिरत होती. इकडे सरकारने आमचे उंट नेले, गहू नेला, पोरं नेली, आणि दमास्कसच्या चौकात चांगल्या घरातली शिकलीसवरली माणसं फासावर दिली. एवढं सगळं झाल्यावर कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, की अरब आपल्यावर रुसलेत. मग त्यांनी आपला सरदार नुझेत बे पाठवला. सोबत साखरेची पोती, तांदूळ, जरीचे झगे, रेशमी फितीची पदकं, आणि जर्मनांच्या बादशहाचा एक अधिकारी. ज्या हातांनी फास आवळला तेच हात आता झगे वाटत होते.

माझा धाकटा भाऊ सत्ताम आमच्या टोळीचा शेख. त्याने कुणालाच नाही म्हटलं नव्हतं. सकाळी शरीफचा माणूस येऊन गेला की संध्याकाळी सरकारचा यायचा, आणि सत्ताम दोघांनाही दाढीवर हात ठेवून एकच सांगायचा, "अल्ला करील ते बरंच." दोन्ही डगरींवर हात ठेवण्यात त्याचा हात धरणारा त्या मुलखात नव्हता.

आणि माझा जदान दमास्कसच्या तुरुंगात होता. माझा एकुलता एक. हिवाळ्याच्या आधी उंट विकायला म्हणून गेला आणि बाजारात कुणीतरी बोट दाखवलं, हा शरीफचा माणूस. झालं! ना साक्ष ना पुरावा. मग निरोप आला की त्याचं नाव फासावर जाणाऱ्यांत घातलंय. मी सत्तामच्या मागे लागले. त्याने दोनदा माणूस पाठवला, दोन्ही वेळा तो हात हलवत परत आला. तेव्हापासून मला झोप म्हणून लागली नव्हती. नवरा गेला तेव्हा मी रडून मोकळी झाले होते, पण जिवंत पोरासाठी आधीच कसं रडायचं?

तर मेजवानीच्या दिवशी मी त्या तंबूबाहेर, खांबाच्या दोराशी बसून होते. म्हाताऱ्या बाईला कोण हटकतंय? आत नुझेत बे भाषण ठोकत होता. तो तुर्क, पण मोसुलला बरीच वर्षं काढलेला, त्यामुळे आमची भाषा झकास बोलायचा.

"भावांनो," तो म्हणाला, "हा तंबू माझा नाही. हा सुलतानांचा तंबू आहे. आज इथं तुम्हाला वाढतायत ते खुद्द सुलतान. मी नुसता झारी धरणारा."

मला तेवढंच हवं होतं. मी बुरखा नीट केला, उठले आणि सरळ आत गेले.

तंबूत सगळं होतं, बायकांची बाजू मात्र नव्हती. पडदा टांगला होता आणि पडद्यामागे सैनिक कांदे चिरत होते. गालिच्यावर ओळीने शेख बसलेले. सत्तामने मला पाहिलं आणि त्याचा घास हातातच राहिला.

"शम्मा, तू? इथं काय काम काढलंस?"

"कॉफीचा वास आला. म्हटलं बघावं, सुलतान कशी करतात."

दोघं-तिघं मिशीत हसले. तेवढ्यात तो जर्मन, हारटुंग त्याचं नाव, ताडकन उठून उभा राहिला. त्यांच्यात बाई आली की उठायची रीत आहे म्हणे. आमचे शेख भांबावले, आता आपणही उठायचं की काय! तो अरबी शिकला होता पुस्तकातून. छातीवर हात ठेवून म्हणाला, "हे आदरणीय माते, आपल्या आगमने हा मंडप धन्य जाहला. आसनस्थ व्हावे."

"जाहले," मी म्हटलं आणि नुझेत बेच्या समोरच बैठक मारली.

कॉफी आली. बाई गं, काय सांगू तो वास! दोन वर्षं आम्ही भाजलेल्या जवाचं काळं पाणी कॉफी म्हणून पीत होतो आणि वर एकमेकांना छान झालीय म्हणून सांगत होतो. ही खरी येमेनची, वेलदोडा घातलेली. तोंडाला नुसतं पाणी सुटलं. मी पेला घेतला, नाकाशी नेला, पोटभर वास घेतला, आणि तसाच भरलेला समोर गालिच्यावर ठेवला.

सगळ्यांचे हात थांबले. आमच्यात पाहुण्याने कॉफी न पिता पेला खाली ठेवला की समजायचं, याचं काहीतरी मागणं आहे, आणि ते पुरं झाल्याशिवाय हा थेंबही पिणार नाही. यजमानाने विचारायचं असतं, आणि द्यायचं असतं. न देईल त्याच्या तंबूत पुन्हा कुणी पाऊल टाकत नाही. रस्त्यात भेटला तरी सलाम करत नाही.

हारटुंगला बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. "ही कॉफी आपणांस रुचली नाही काय?" म्हणाला, आणि घाईघाईने दुसरा पेला मागवला, वर साखर घालून. मी तोही पहिल्याशेजारी मांडला. आता तो तिसरा मागवणार, एवढ्यात नुझेत बेने त्याचा हात धरला. बेचा चेहरा उतरला होता. मोसुलात वर्षं काढलेला माणूस तो, त्याला सगळं कळलं होतं.

"पी बाई कॉफी," तो सावकाश म्हणाला. "काय हवं ते सांग."

"माझा मुलगा जदान. तुमच्या दमास्कसच्या तुरुंगात आहे. तो मला इथं हवा, जिवंत, त्याच्या दोन पायांवर."

"हे माझ्या हातात नाही. दमास्कसच्या सेनापतींचा हुकूम लागतो त्याला."

"तंबू कुणाचा म्हणालात?"

त्याने वर तंबूच्या छताकडे पाहिलं.

"मघाशी तुम्हीच म्हणालात ना बे, की खुद्द सुलतान वाढतायत? मग मी तुमच्याकडे कुठं मागतेय? तुम्ही झारी धरणारे. मी सुलतानांच्या तंबूत बसलेय आणि सुलतानांकडे मागतेय. की सुलतानांपेक्षा सेनापती मोठे?"

मागून कुणीतरी "वाह!" म्हणालं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. नुझेत बेने एकेका शेखकडे पाहिलं. सगळे माझ्या त्या दोन पेल्यांकडे बघत होते. ज्यांना वळवायला तो इतक्या लांबून पोती वाहून आला होता, ते सगळे आता एकाच गोष्टीची वाट बघत होते. नाही म्हटलं की सगळे उठले असते, आणि मग तांदूळ आणि पदकं घालायची कुठं!

"दिला," तो म्हणाला. "तुझा मुलगा तुला दिला. आता पी."

"तुमचा शब्द सोन्याचा, बे. पण पोरगा त्या दारातून आत येईल तेव्हाच पिईन. तोवर पेला इथंच राहू दे."

त्याने तिथल्या तिथे तार लिहायला घेतली. तेव्हा स्टेशनमास्तर पुढे होऊन चाचरत म्हणाला, की तार तुटलेली आहे. रोज जोडतो, रोज तुटते.

"आजपासून नाही तुटणार," सत्ताम पटकन बोलून गेला.

मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. तंबूत सगळ्यांनी खजुरात डोकं घातलं. हारटुंग एकटाच आनंदाने म्हणाला, "शेखमहाराजांचा आत्मविश्वास स्तुत्य आहे!"

नंतरचे दिवस मजेचे गेले, खोटं कशाला बोलू? जोवर माझा पेला भरलेला, तोवर त्या तंबूत दुसरं मागणं निघणार नाही, ही रीतच. म्हणजे नुझेत बेला कुणा शेखला विचारता येईना, की बाबा तू सुलतानाचा की शरीफचा. शेख रोज यायचे, सरकारचा भात आणि मटण चापायचे, पेल्याकडे बघून मान हलवायचे आणि ढेकर देऊन घरी जायचे. उत्तर द्यायची पाळी टळली म्हणून सगळे माझ्यावर खूश. मी रोज सकाळी जाऊन पेल्यांसमोर बसायची. कॉफीवर तवंग आला, एका पेल्यात माशी पडली. सैनिक तेवढ्या जागेला वळसा घालून चालायचे. हारटुंगने विचारून सगळं समजून घेतलं आणि त्या पेल्यांपाशी स्वतःची टोपी काढून वाकला. माणूस वाईट नव्हता तो.

मग दमास्कसहून उत्तर आलं, गुरुवारच्या गाडीने कैदी जदान येतोय. माझ्या जिवात जीव आला. घरी गेले तर सत्तामचा मुलगा रकान माझ्या तंबूत बसून कोरडी भाकरी खात होता.

"अरे, तिकडे सगळी टोळी मटण खातेय आणि तू इथं काय शिळं चघळतोयस?"

"मी त्यांचं नाही खात, आत्या."

"का रे? पोट बिघडलंय?"

त्याने भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. आणि मग मला उमगलं. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर हात उचलता येत नाही. जो मुद्दाम खात नाही, त्याचा हात उचलायचा बेत असतो.

"रकान, काय केलंयस तू?"

"स्टेशनाच्या वरच्या अंगाला, दमास्कसच्या बाजूला, रुळाखालून पाणी जायची मोरी आहे ना," तो खाली बघत म्हणाला, "तिच्याखाली सुरुंग आहे. शरीफच्या माणसांबरोबर आम्ही पुरला. हे दोघं परत जातील त्या गाडीसाठी. मधे गाडी येणारच नव्हती, आत्या! लाकूड नाही, कोळसा नाही, महिन्यातून एखादी गाडी. जदानसाठी गाडी येईल हे कुणाच्या स्वप्नात होतं?"

"मग काढ तो."

"पुरणारा दक्षिणेला निघून गेला. मी पुरताना पाहिलाय, काढलेला नाही. हात चुकला तर..."

"तर काय?"

"तर आत्या, मी आणि मोरी दोन्ही जातील."

 एकीकडे माझा मुलगा, दुसरीकडे माझ्या भावाचा. जर्मन साहेबाला सांगितलं तर तो चुटकीसरशी काढील, आगगाडीचाच माणूस तो, पण मग रकानची मान दोरात. न सांगितलं तर जदान आभाळात. मला राग आला, सगळ्यांचा राग आला. शरीफचा, सुलतानाचा, इंग्रजांच्या सोन्याचा, आणि माझ्या भावाच्या त्या 'अल्ला करील ते बरंच'चा.

"ऊठ," मी म्हटलं. "माझा जुना काळा झगा घाल. बुरखा घे."

"आत्या!"

"आत्या काय? दिवसाढवळ्या मोरीखाली कोण जाऊ शकतं? सरपण गोळा करणाऱ्या बायका. पहारेकरी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मी तुझ्याजवळ बसेन. उडालो तर दोघं उडू. गाडी उडालेली बघायला मला तरी कुठं जगायचंय?"

तो शूर पोरगा, चार चकमकी गाजवलेला, पण बुरखा घालताना लाजून चूर झाला. वाटेत मी त्याला सारखी कोचत होते, "पावलं लहान टाक. उंटासारखा ढांगा टाकत काय चालतोस! आणि हात कमरेवरून काढ, खंजीर नाहीये तिथं." तो बुरख्याआडून शिव्या घालत होता, पण त्यामुळे त्याचे हात थरथरायचे थांबले. मला तेच हवं होतं.

दुपारची वेळ. पहारेकरी सावलीत पेंगत होते. आम्ही मोरीखाली शिरलो, काटक्या गोळा करू लागलो. मग रकानने रुळाखालची खडी बाजूला केली आणि बोटांनी माती उकरायला लागला, जशी बाई तान्ह्याच्या डोळ्यातली घाण काढते तशी. मी त्याच्या खांद्याला खांदा लावून बसले होते.  त्याला चाप सापडला, त्याने श्वास रोखला आणि तो फिरवून अलगद बाजूला काढला. काही झालं नाही. वर रुळावर एक पाल बसली होती, तीसुद्धा हलली नाही.

"निघाला," तो पुटपुटला, आणि रडायला लागला. मी त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. "रड नंतर. आधी मोळ्या बांध."

सुरुंगाच्या वड्या दोन मोळ्यांच्या पोटात घातल्या, वर काटक्या रचल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी. निघालो. आणि वळणावर येऊन बघते तर समोरून रुळांमधून हारटुंग साहेब चालत येतोय, एकटाच, हातात काठी!

"हे माते!" तो दुरूनच ओरडला. "या वयात हे केवढे ओझे! मज द्यावे, मी वाहून नेतो!" आणि खरंच पुढे येऊन त्याने माझ्या मोळीला हात घातला.

आमच्यात परक्या पुरुषाने बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं, तर त्याचा अर्थ तिच्या घरातले पुरुष मेले किंवा नालायक निघाले असा होतो. एरवी मी त्याला समजावून सांगितलं असतं. त्या वेळी मी जी किंकाळी फोडली, ती स्टेशनापर्यंत गेली असणार.

"हात लावशील तर खबरदार! माझ्या घरातले बाप्ये मेलेत काय? जदानची आई म्हणतात मला! माझं सरपण मीच वाहीन!"

तो बिचारा दोन पावलं मागे सरला, कानापर्यंत लाल झाला. "क्षमा असावी. अज्ञानवश घडले." मग त्याची नजर माझ्या मागच्या 'बाई'कडे गेली. तिच्या पायांकडे. "आपली ही आप्त... फारच उंच दिसते."

"बापावर गेलीय," मी म्हटलं आणि चालू लागले.

मागे वळून बघायची सोय नव्हती. पण तो बराच वेळ तिथेच उभा होता, त्याच्या काठीचा आवाज ऐकू आला नाही. मोळ्या मी माझ्या तंबूत, बायकांच्या बाजूला रचून ठेवल्या.

गुरुवारी गाडी आली. मोरीवरून धडधडत आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते, आणि ती पार स्टेशनात येऊन थांबेस्तोवर उघडले नाहीत. जदान उतरला. काय त्याची दशा! हाडं नि कातडी, डोळे खोल गेलेले, अंगात कुणाचातरी शहरी पद्धतीचा अंगरखा. मी त्याला तिथं हात लावला नाही. तसाच तंबूपर्यंत पुढे घालून नेला. तो दारातून आत आला, सगळे शेख उठून उभे राहिले, आणि मी पहिला पेला उचलला. गार, कडू, धूळ बसलेला, माशीसकट. एका दमात प्यायले. मग दुसरा. साखरेचा होता तो. पुरे झालं म्हणून रीतीप्रमाणे पेला हलवून परत केला आणि मग पोराच्या गळ्यात पडून अशी रडले, की पडद्यामागचे सैनिकसुद्धा कांदे टाकून बघायला आले.

"तुमचा शब्द खरा झाला, बे," मी म्हटलं. "अल्ला तुमच्या लेकरांना सुखी ठेवो."

खरं सांगते, त्या क्षणी त्याने मागितलं असतं तर मी अख्खी टोळी त्याच्या पदरात टाकली असती. सत्तामला कानाला धरून झगा घालायला लावला असता. नुझेत बेलाही ते दिसलं. तो हुशार माणूस, घाई केली नाही. "उद्या सकाळी निघायच्या आधी बोलू," म्हणाला. त्याला वाटलं, रात्रभरात गोडवा आणखी मुरेल.

संध्याकाळी घरी मी जदानला भात भरवला. म्हटलं, "हा अंगरखा काढ की आता. कुणाचा आहे हा?"

"नाबलूसच्या एका भटारखान्यावाल्याचा," तो म्हणाला. "एका कोठडीत होतो आम्ही. माझं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, याची वेळ आली. मग शिपाई म्हणाला, हा सुटला. त्या म्हाताऱ्याने अंगातला अंगरखा काढून मला दिला. म्हणाला, तुला गाडीत थंडी वाजेल, मला आता लागायचा नाही. त्याच पहाटे त्या सगळ्यांना नेलं, आई. मला एकट्याला दुसऱ्या दारातून बाहेर काढलं."

"काय केलं होतं त्याने?"

"मी जे केलं होतं तेच. काही नाही."

मी त्या अंगरख्याची बाही हातात धरून बसले. कोपराला ठिगळ होतं, बारीक टाके घातलेलं, कुठल्यातरी बाईने जीव लावून घातलेलं. तिला बसायला सुलतानाचा तंबू मिळाला नव्हता. तिच्या माणसासाठी पेला खाली ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून तो मेला. माझा भाऊ शेख, त्याची माणसं त्यांना हवी होती, म्हणून माझा जगला. पोटातली ती साखरेची कॉफीसुद्धा मला कडू लागली.

सकाळी तंबू उतरला, घडी झाली. सत्तामने झगा घेतला, पदक घेतलं, दाढीवर हात ठेवून म्हणाला, "अल्ला करील ते बरंच." नुझेत बे माझ्याकडे आला.

"बोल बाई. तुझा भाऊ तुझं ऐकतो. आता तुम्ही कुणाचे?"

"तुम्ही मला शब्द दिलात आणि पाळलात," मी म्हटलं. "तुम्ही स्वतः, एकटे, कधीही या, उपाशी या, पळत या, माझ्या तंबूत तुमच्या केसाला धक्का लागणार नाही. हा माझा शब्द. पण बे, तुम्ही मला माझा मुलगा परत दिलात. तो माझाच होता. त्याचं बक्षीस कसलं मागता?"

 तो मान लववून गाडीत चढला. हारटुंग मागे रेंगाळला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "माते, त्या मोरीखालील सरपण... सर्व उचलले गेले ना?"

म्हणजे त्याला सगळं कळलं होतं! उकरलेली माती, उंच बाई, सगळं. आणि तो गप्प बसला होता. बेच्या शब्दासाठी की माझ्या पोरासाठी, अल्ला जाणे.

"सगळं उचललं, साहेब. तुम्ही निर्धास्त जा."

त्याने टोपी काढली. गाडी निघाली. टेकाडावर रकान माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. दातओठ खात होता.

"दोघंही आत आहेत, आत्या. अशी गाडी पुन्हा यायची नाही."

"त्यांची कॉफी अजून माझ्या पोटात आहे. जाऊ दे."

गाडी मोरीवरून गेली, वळणाआड गेली, धूरसुद्धा विरला. जदान खाली उन्हात बसला होता, अंगावर तोच अंगरखा. त्याने तो काढलाच नव्हता. मी त्याच्याकडे बघितलं आणि मग रकानकडे वळले.

"त्या मोरीच्या वाटेला जाऊ नका," मी म्हटलं. "ती साहेबाला माहीत झालीय. दक्षिणेकडची धरा. आणि आजचा दिवस नको, ते दोघं पार दमास्कसला पोचू देत."

"आणि मग?"

"मग ये माझ्या तंबूत, आणि तुझं सरपण घेऊन जा."